खाकी विणा, घालू नका

मरोळ, ३ जानेवारी १९८८

ती. दादास, जानकीचा शि. सा. न. वि. वि.

सख्खा भाऊ लंकेत बंदूक घेऊन उभा असताना बहिणीने लढाईविरुद्ध भाषण करावं का? मला उत्तर येत नाही. बी.ए.च्या पेपरात असता तर हा प्रश्न सोडून दिला असता.

सव्वीस जानेवारीच्या पूजेला चाळ समितीने माझं भाषण ठेवलंय, घरातली पहिली ग्रॅज्युएट म्हणून. मी म्हटलं, नात आहे तर आपल्या आबांचंच करते. महायुद्धाच्या वेळी ते गिरणीच्या गेटवर बोलले होते, ते. तुलाही पाठ आहे: लढाई लागली की मालक तिसरी पाळी सुरू करतो, पोटासाठी खाकी विणा, पण अंगावर घालू नका. आबा खूश. म्हणाले, तेव्हा कोणी ऐकूक नाय, आता तरी बघूया.

आई मात्र माझ्याशी बोलत नाही. तिचं म्हणणं, पोरगा तिकडे जीव मुठीत धरून आणि बहीण इकडे माईकवरून त्याला नावं ठेवणार. तू नको म्हणालास तर स्वच्छतेवर बोलेन.

इकडची माया तुला ठाऊक आहेच, तुझी खुशाली कळवत जा.

जानकी


फील्ड पोस्ट, १४ जानेवारी १९८८

चि. जानकीस, अनेक आशीर्वाद.

स्वच्छतेवर बोलू नकोस गं, तुझं कपाट मी पाहिलंय. आबांना सांग, आमचा युनिफॉर्म हिरवा असतो, तेव्हा मी त्यांचा शब्द मोडलेला नाही.

इथलं फार लिहिता येत नाही. आलो तेव्हा लोकांनी हार घातले. आता आम्ही दिसलो की विहिरीचा दोर काढून घेतात. गस्तीवर आबांचं भाषण मनात म्हणतो. पण आबा विणा म्हणाले. संपानंतर गिरणीतले माग, साचे सगळे बंद पडले, बाबा घरी बसले, तेव्हा मी काय विणणार होतो? बोलायचं तर हेही बोल, माझं नाव घेऊन. आणि हे आईला वाचून दाखव.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

जयवंत


मरोळ, २७ जानेवारी १९८८

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्र आईला वाचून दाखवलं. विहिरीच्या दोरापाशी तिने थांबवलं आणि विचारलं, मग हा पाणी कुठलं पितो? तेवढं कळव.

काल भाषण केलं. आबा पुढच्या खुर्चीत बसून माझ्याआधीच ओठ हलवत होते. एक वाक्य गाळलं नाही. शेवटी म्हटलं, हे ऐकत वाढलेला माझा दादा जयवंतही फौजेत गेला, कारण विणायला साचा उरला नव्हता. खाकी घालू नका सांगायचं, तर पोरांच्या हाताला आधी काम द्या. टाळ्या बेताच्याच पडल्या. समितीच्या धोंडिरामकाकांनी विचारलं, तू नक्की कुणाच्या बाजूची? मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, भावाच्या.

आबा म्हणतात, शेवटचं माझं नव्हतं, पण रवांदे.

आता नाहूरच्या मंडळानेही हेच भाषण करायला बोलावलंय. फक्त जयवंतचं तेवढं गाळ, असा त्यांचा निरोप होता. मी आज सकाळीच जाऊन सांगून आले, करीन ते सगळं करीन.

घरच्या सगळ्यांचा जीव तुझ्यात आहे, तो सांभाळ.

तुझी जानकी