सोळा ते एकोणीस ऑक्टोबर

सानगडी,
२२ सप्टेंबर २०२४

ती. डोमामामांस,
रश्मीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं कार्ड लाखनीला आईकडे गेलं होतं, ते तिने माझ्याकडे पोचवलं. कानाचं यंत्र तुम्ही पेटीत ठेवून दिल्याचं मामीने तिला फोनवर सांगितलं. म्हणजे आता तुमच्याशी बोलायचं तर कागद घ्यावा लागणार. मला ते चालेल. फोनवर तुम्ही दोनदा हो हो म्हणता आणि मामीच्या हातात देता.

माझं शिक्षणसेवकाचं तिसरं वर्ष सुरू झालं. जूनमध्ये मुख्याध्यापकांचा अहवाल चांगला गेला की कायम होईन. आमचे मुख्याध्यापक जागेश्वर सर माणूस वाईट नाहीत, पण विज्ञान प्रदर्शन म्हटलं की त्यांना दिवे लागणारं किंवा गरगर फिरणारं काहीतरी हवं असतं. गेल्या वर्षी नागपूरहून तयार पवनचक्की आणली होती. पातं कशाने फिरतं असं परीक्षकांनी मुलींना विचारलं, तर त्यांनी बटण दाखवलं.

यंदा मी सरांना म्हटलं, प्रश्न मुलांचा असू द्या. नववीत चिठ्ठ्या मागवल्या. बहुतेक प्रश्न पुस्तकातलेच आले. एक वेगळा निघाला. डिंपल म्हणून मुलगी आहे, शेवटच्या बाकावर बसते, फार बोलत नाही. तिच्या घरी एक जुना वाद आहे. आजी सत्यभामाबाई म्हणते, घरची विहीर तलावाचं पाणी पिते. वडील, कैलाशभाऊ, म्हणतात की विहिरीला स्वतःचा झरा आहे, तलावाचा काही संबंध नाही. डिंपलने चिठ्ठीत लिहिलं होतं की दोघांपैकी खरं कोण ते पाहायचं आहे.

आता ती रोज सकाळी दोरीला डबी बांधून विहिरीचं पाणी काठापासून किती खाली आहे ते मोजते, आणि तलावात खुणा केलेला बांबू रोवलाय, त्यावर तलावाचं. ऑक्टोबरात धानाला शेवटचं पाणी सुटेल, तलाव उतरेल. तेव्हा विहीर उतरते का, आणि उतरली तर किती दिवसांनी, एवढंच शोधायचं. तुम्ही एकोणतीस वर्षं विज्ञान शिकवलंत. माझं काही चुकत असेल तर कळवा.

मामीला जयभीम. रागवायचं असेल तर पत्रातूनच रागवा, म्हणजे मला दोनदा वाचता येईल.

तुमची भाची,
रश्मी


आंबागड,
३ ऑक्टोबर २०२४

चि. रश्मीस,
अ. आ. आणि जयभीम.

तुझं पत्र भेटलं. निवृत्त झाल्यापासून मी बोलतो तसंच लिहितो, म्हणून चुका काढू नको. लाल पेन आता तुझ्या हाती आहे, पण तो मामावर चालवायचा नाही.

यंत्र ठेवून देलं हे खरं आहे. त्याच्यातून माणसायचं कमी अन् भांड्यायचं जास्त आयकू येते. तुझी वच्छलामामी म्हणते मी मुद्दाम करतो. तिचंही थोडं खरं आहे.

पोरीचा प्रश्न चांगला आहे. पण मले सांग, विहिरीचे आकडे पाहाले प्रदर्शनात थांबन कोण? मी माझ्या नोकरीत ज्वालामुखी सात वेळा पेटवला. सगळे मीच बनवले, पोरं बाजूले उभी राहत. धूर निघाला का परीक्षक खूश. तुझं कायम व्हायचं वर्ष आहे, जागेश्वर सरायले नाराज काहून करून राहिली? एक फिरणारं मॉडेल ठेव अन् बाजूले तुझी विहीर ठेव. दोन्ही जमते.

इकडं जंगलाकडच्या बांधीत धान पिवळा पडून राहिला अन् रानडुकरं आमच्याआधी कापणीले येऊन राहिली. तुझ्या आईले, रत्नमालाले म्हणाव, दिवाळीले येजो. मामाचा सल्ला कसा वाटला तेही लिहिजो, माया कमी करू नको.

तुझा
डोमामामा


सानगडी,
८ डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

आधी चांगली बातमी. साकोलीच्या तालुका प्रदर्शनात डिंपलचा प्रकल्प पहिला आला. अकरा वर्षांनी आमची शाळा जिल्ह्याला जाणार. जागेश्वर सरांनी फाटकावर फ्लेक्स लावला. त्यावर डिंपलचा फोटो लहान आणि संस्थेच्या अध्यक्षांचा मोठा आहे. तरी कैलाशभाऊ सायकल थांबवून तो पाहत होते.

आता दुसरी गोष्ट. जिल्ह्यासाठी तक्ता नवीन करायचा म्हणून शनिवारी मी तिची वही घेऊन बसले. पन्नास दिवसांची मापं आहेत. खरे आकडे वेडेवाकडे असतात, एक दिवस तीन सेंटिमीटर, एक दिवस काहीच नाही, एक दिवस उलटं वर. पण सोळा ते एकोणीस ऑक्टोबर विहीर रोज बरोबर दोन सेंटिमीटर उतरलेली. मी हजेरीपट काढला. ते चारही दिवस डिंपल गैरहजर होती. आजीचं मोतीबिंदूचं ऑपरेशन भंडाऱ्याला झालं, तिच्यासोबत ही राहिली होती. वडिलांचा अर्ज फाइलीत आहे.

मामा, तलावाचं पाणी सुटलं ते पंधराच्याच सकाळी. पाणी सुटल्याच्या दुसऱ्याच दिवसापासून विहीर उतरते, हा जो निष्कर्ष आम्ही साकोलीत सांगितला, तो सगळा त्या चार आकड्यांवर उभा आहे.

मी डिंपलला विचारलं. ती लगेच हो म्हणाली. बाबांना मोजायला सांगितलं होतं, ते हलक्या धानाच्या कापणीच्या घाईत विसरले, मग तिने आल्यावर अंदाजाने भरले. लपवायचं असं तिच्या मनातच नव्हतं. मी काहून भरले विचारलं तर ती माझ्याकडे नवल करून पाहायला लागली. म्हणाली, म्याडम, तुम्हीच तं सांगितलं होतं, प्रयोगवहीत रकाना रिकामा ठेवला का गुण कटते.

ते मी सांगितलं होतं. दर वर्षी सांगते. आणि मला कोणी शिकवलं ते तुम्हाला आठवत असेल. दहावीत ओहमच्या नियमाचा आलेख काढताना तुम्ही म्हणाला होता, आधी रेघ ओढ, मग तिच्यावर ठिपके टाक.

प्रदर्शन नऊ जानेवारीला आहे. काय करू ते कळवा. तुम्ही सांगाल तसंच करीन असं म्हणत नाही, पण तुमचं म्हणणं कळल्याशिवाय काही करणार नाही.

तुमची
रश्मी


आंबागड,
१५ डिसेंबर २०२४

चि. रश्मीस,
अ. आ.

पत्र वाचलं. तू विचारलं म्हणून सांगतो. राहू दे. पोरगी आजीची सेवा करत होती, सिनेमाले गेली नव्हती. परीक्षक हजेरीपट पाहाले सानगडीले येत नाही. आकडे खोटे असले तरी आजीचं म्हणणं खोटं झालं असं नाही. अहवाल जूनमध्ये आहे.

रेघेचं तू लिहिलं ते बरोबर आहे. एकट्या तुलेच शिकवलं असं नाही, दर वर्षी पन्नास-साठ पोरायले शिकवलं. एकदा, अठ्ठ्याण्णव साल असन, रीता नावाच्या पोरीनं आलेख वाकडा आणला. मी लाल फुली मारली अन् शून्य देलं. ती रडली नाही, वही घेऊन गेली. दोन महिन्यांनी मले समजलं का तिच्या टेबलावरचा मीटरच बिघडला होता. तिनं जे दिसलं ते लिहिलं होतं. मी तिले बोलावून सांगितलं नाही. तेव्हा वाटलं, मास्तराचं वजन जाईन.

हे तुझ्या प्रश्नाचं उत्तर नाही. उत्तर वर लिहिलं आहे, राहू दे. तब्येत सांभाळ, अन् मामा चुकीचा वाटला तरी पत्र बंद करू नको.

डोमामामा


सानगडी,
३० डिसेंबर २०२४

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं म्हणणं वाचलं आणि ते ऐकलं नाही. राग मानू नका.

मी वर्गासमोर सांगितलं की रिकाम्या रकान्याबद्दल मी जे शिकवलं ते चूक होतं. मापलं नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा आणि का मापलं नाही ते खाली लिहायचं. मुलांनी लगेच गुणांचं विचारलं. कापणार नाही म्हटलं. डिंपल खाली मान घालून बसली होती. नंतर स्टाफरूमच्या दाराशी येऊन म्हणाली की तिला आता जिल्ह्याला जायचं नाही. साकोलीत ती सगळ्यांसमोर दुसरा दिवस, दुसरा दिवस असं सांगत होती, ते आठवून तिला लाज वाटते. मी म्हटलं, लाज दोघींची आहे, आपण दोघी जाऊ. दोन दिवस ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती नवीन तक्ता घेऊनच. चार रकाने कोरे, आणि खाली तिच्या अक्षरात: या दिवशी मी घरी नव्हते.

तालुक्याच्या आयोजकांना मी तसं पत्र दिलं. त्यांनी नाव कायम ठेवलं, सुधारलेला तक्ता लावा म्हणाले. जागेश्वर सर म्हणाले, फ्लेक्स लागल्यावर हे सुचलं का तुम्हाले. तुम्हाले पटते ते करा, अहवाल मात्र मी लिहिणार आहे.

तुमच्या तब्येतीचं कळवा. ऐकलं नाही तरी भाची तुमचीच.

रश्मी


आंबागड,
१२ जानेवारी २०२५

चि. रश्मीस,
अ. आ. आणि जयभीम.

तुले सांगितलं नाही. नऊ तारखेले मी भंडाऱ्याले आलो होतो. तुमसरवरून एसटी भेटली, अकराले हॉलमध्ये पोचलो. मी तुमच्यासमोरच्या रांगेत एका रोबोटच्या मागं उभा होतो. भेटलो नाही, कारण भेटलो असतो तर पोरीले माहीत पडलं असतं का हा कोणीतरी पाहाले आला.

मले आयकू येत नाही, म्हणून दिसलं तेवढं लिहितो. रोबोटजवळ गर्दी, तुमच्याकडं कोणी नाही. दोन परीक्षक आले, तक्ता पाहिला, एकानं रिकाम्या रकान्यावर पेन टेकवला, मान हलवली अन् पुढं गेले. तू तेव्हा पाणी पीत होती. तुझा चेहरा मले दिसला.

मग एक बाई आल्या, पांढऱ्या केसायच्या. त्या थांबल्या. त्यायनं काही विचारलं, डिंपलनं काही सांगितलं. मग तिनं बोट त्या कोऱ्या जागेवर ठेवलं अन् बोलाले लागली. बाई विचारतच राहिल्या, पोरगी सांगतच राहिली. घड्याळ पाहिलं, अकरा मिनिटं झाली. माझ्या कोणत्याही ज्वालामुखीजवळ कोणी अकरा मिनिटं थांबलं नाही.

त्या बाईनं काय विचारलं अन् पोरीनं काय सांगितलं, ते सगळं लिहून पाठव. काही सोडू नको. मी डिसेंबरात तुले जे सांगितलं ते चूक होतं. हे कागदावर देऊन ठेवतो.

लवकर लिहिजो, मी रोज पोस्टमनची वाट पाहून राहिलो.

डोमामामा


सानगडी,
२ मार्च २०२५

ती. मामांस,
सविनय जयभीम. वि. वि.

उत्तराला उशीर केला, कारण एक गोष्ट पूर्ण व्हायची होती.

त्या बाईंनी पहिल्यांदा विचारलं, हे रकाने रिकामे का. डिंपल म्हणाली, मी घरी नव्हते. बाई म्हणाल्या, नेमके पाणी सुटल्यावरचे दिवस गेले, मग किती दिवसांनी विहीर उतरते हे तू कशावरून सांगणार. डिंपल म्हणाली, मी ते सांगूनच नाही राहिली, ते अजून माहीत नाही. पंधरा तारखेपेक्षा वीस तारखेला विहीर अकरा सेंटिमीटर खाली होती, एवढंच माहीत आहे. मग बाईंनी विचारलं की हे कधी कळेल. ती म्हणाली, उन्हाळी धानाला पाणी सुटेल तेव्हा. मग बाकीचा वेळ त्या दोरी आणि डबीबद्दल बोलत होत्या.

नंबर आला नाही. पहिला नंबर रोबोटला. फ्लेक्स दुसऱ्या दिवशी उतरवला. जागेश्वर सरांनी पुढच्या वर्षासाठी नागपूरच्या दुकानाचं पत्रक मागवलंय, आणि माझ्या अहवालाचं अजून काही कळत नाही. आईला एवढ्यात सांगू नका.

फेब्रुवारीच्या दहा तारखेला तलावाचं पाणी सुटलं. डिंपल एकही दिवस चुकली नाही. मामा, पहिले चार दिवस विहीर हललीच नाही. पाचव्या सकाळी एकदम नऊ सेंटिमीटर उतरली. आम्ही साकोलीत ठामपणे सांगितलेला दुसरा दिवस साफ चुकीचा होता. डिंपलने दोन्ही वह्या शेजारी ठेवल्या, थोडा वेळ पाहिलं आणि म्हणाली, मी भरलेले आकडे दिसाले चांगले होते पण.

त्या दिवशी मी तिच्या घरी गेले होते. सत्यभामाबाई म्हणाल्या, हे त्यांना लग्न होऊन आल्यापासून ठाऊक आहे. कैलाशभाऊंनी वही हातात घेतली, पानं मागेपुढे केली. विहीर तलावाचं पाणी पिते हे त्यांनी मान्य केलं नाही, नाकारलंही नाही. त्यांनी विचारलं, मग ते चार दिवस पाणी राहते कुठं.

डिंपलने माझ्याकडे पाहिलं. मलाही माहीत नाही, तसं मी त्यांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने शेजारच्या दोन विहिरींनाही दोरी लावली.

तुम्हाला उत्तर माहीत असेल तर एवढ्यात कळवू नका. बाकी सगळं कळवत राहा.

तुमची
रश्मी