शिवणकाम मला येत न्हाई

प्रिय माय,

आज तुझा तेरावा झाला, आणि आजच मी साऱ्या गल्लीसमोर तुला खोटं पाडलं. दुसऱ्या कुणी तुझ्या कानावर घालायच्या आधी मीच सांगते. दादा जेवणं उठल्यापासून माझ्याशी बोलून राह्यला न्हाई. वहिनी भांडी आपटून राह्यल्या. मी माळवदावर येऊन बसले आहे. अजून उजेड आहे, तोवर लिहून घेते.

मोंबासाहून निघाले तेव्हा तू नुसती आजारी होतीस. बोट मुंबईला लागेपर्यंत तू गेल्तीस. जालन्याच्या स्टेशनावर दादा घ्यायला आल्ता, त्याचं भादरलेलं डोकं बघितलं आणि मी काही विचारलंच न्हाई. सहा वर्षांनी लेक येऊन राह्यली आणि तुला चार दिवस दम निघाला न्हाई? एवढी कसली जल्दी होती गं?

मी गेले तेव्हा आपण हैदराबाद राज्यात होतो, आले तर मुंबई राज्यात. राज्य बदललं, गल्ली बिलकुल बदलली न्हाई. भेटायला येणाऱ्या बाया आधी माझ्या कपाळाकडं बघायच्या, मंग हाताकडं. एकीनं माझी बोटं धरून म्हटलं, किती नाजूक काम करत असतील ही. मला काही उमगेना. पाचव्या दिवशी कोपऱ्यावरच्या मावशी खणाचा तुकडा घेऊन आल्या. घाई न्हाई, सुतक फिटलं की शिव म्हणाल्या, तिकडच्या पद्धतीची बाही कर.

मंग दादानं सांगितलं. तू सहा वर्षं गावभर सांगत होतीस, आमची यमुना आफ्रिकेत पोरींचा शिवणाचा वर्ग चालवते! मुलींच्या शाळेतल्या मोठ्या बाईंनीही ते ऐकलं. त्यांनी माझ्यासाठी मशीन आणून ठेवलं, आणि दादानं मला न विचारता त्यांना शब्द दिला.

शिवणकाम! माय, मला सुईत दोरा ओवता येत न्हाई, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत होतं? वाटूरला सासूबाईंनी माझी गोधडी अख्खी उसवून पुन्हा घातली होती. तू तिथंच बसली होतीस, मान खाली घालून.

मी काय करत होते ते दर महिन्याला तुला कळवत होते. विसाव्या वर्षी कपाळ पुसून परत आले, तेव्हा मामानं मामीच्या बाळंतपणाला म्हणून मला तिकडं बोलावून घेतलं. मामाच्या पोरी संध्याकाळी क्रीडामंडळात जायच्या, मी त्यांना सोडायला गेले. मुलींना शिकवणारी बाई देशी परतल्ती. पोरी मैदानात नुसत्या उभ्या होत्या. मला राहवलं न्हाई. पदर खोचला, त्यांना खो-खोच्या ओळीत बसवलं आणि मीच पळून दाखवलं. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या चिटणीसांनी शिट्टी माझ्या हातात दिली. काम बिनपगारी होतं. मी त्याच दिवसापासून पोटभर जेवायला लागले, हेही तुला लिहिलं होतं.

सकाळी मामीच्या हाताखाली पोळ्या, धुणं, लेकरू. दुपारी मैदान. तिथली माती पांढरी, वाऱ्यावर उडून डोळ्यांत जाते, म्हणून आधी झारीनं पाणी मारायचं. मंग फक्कीनं रेषा आखायच्या, दोन्ही खांब हलवून बघायचे. चारला पोरी यायच्या. गुजराथी, पंजाबी, कोकणातल्या, आणि बंदरावर ओझी उचलणाऱ्याची हलीमा. सगळ्यांत उंच, सगळ्यांत लाजरी. माझं हिंदी तिला कळायचं न्हाई, तिची बोली मला यायची न्हाई, पण पाठीवर थाप पडली की उठून पळायचं, हे सांगायला भाषा कशाला लागते? गुडघे फुटले की मी हळद दाबायची. तिथं माझं कपाळ बघून कुणी वाट बदलली न्हाई, माय. पोरी मला लांबून ओळखायच्या त्या शिट्टीवरून.

आणि हे सगळं तू मशीनच्या खोक्यात कोंबलंस!

काल दादा माझ्यापुढं येऊन बसला. शिवण काय, आठ दिवसांत शिकता येईल, वहिनी दाखवतील, असं बरंच समजावलं. मी ऐकेना तेव्हा त्यानं शेवटचं काढलं. "मायला तेराव्यालाच खोटं पाडशील का?" दादा वाईट न्हाई, तुला माहीत आहे. त्याला घरात दोन पोरी आहेत आणि गल्लीला तोंड आहे.

आज जेवणं झाल्यावर बाया ओसरीवर टेकल्या. मोठ्या बाईंनी विचारलं, वर्ग कधीपासून घ्यायचा. दादा दारात उभा होता. मावशींच्या मांडीवर तो खण होताच. मी उठून उभी राह्यले.

"बाई, शिवणकाम मला येत न्हाई. मी तिथं पोरींना खो-खो शिकवत होते. माय तुमच्याशी खोटं बोलली."

मंग मावशींनी खण घडी करून पिशवीत घातला. एकीनं दुसरीच्या कानात सांगितलं, मला ऐकू येईल असंच, की बिनकुंकवाची बाई आणि मैदानात पळते. मोठ्या बाई कमिटीला विचारते म्हणाल्या आणि पाणीसुद्धा न पिता उठल्या. दादा आत निघून गेला.

लाज वाटली असेल असं तुला वाटतं? बिलकुल न्हाई. मला राग आला होता, आणि तो तुझाच होता.

सगळ्या गेल्या, पण समोरच्या मारवाडी शेठजींची सून थांबली. कंचन. माझी पत्रं तुला वाचून दाखवायची, तुझी उत्तरं लिहायची ती. तिला सगळं माहीत होतं, आणि तू तिला गळ्याची शपथ घातल्ती म्हणे. मी चिडून तिच्यापुढं तुझी ती पत्र्याची डबी आदळली, देवाच्या फळीवर सापडलेली. आत आठ फोडलेले चिंचोके आणि मक्याचे दोन दाणे. म्हटलं, हिला चौसर खेळायला वेळ होता, खरं सांगायला नव्हता.

कंचननं डोक्यावरचा पदर मागं सारला, खाली बसली आणि चिंचोके जमिनीवर ओळीनं मांडले. एक पांढऱ्या बाजूनं, एक काळ्या, पुन्हा पांढऱ्या. दोन टोकांना मक्याचे दाणे, ते खांब. पोरी एकआड एक उलट्या तोंडानं कशा बसतात, हे तुला नुसतं ऐकून कळत नव्हतं, म्हणून तू चिंचोके फोडून घेतलेस. सामन्याचं पत्र तू चार-चार वेळा वाचून घ्यायचीस. निकाल माहीत असून दर वेळी विचारायचीस, मंग कोण जिंकलं?

मला एकदम तुझं एक पत्र आठवलं. दोन वर्षांमागं तुझ्या दुखऱ्या गुडघ्याच्या आणि पापडाच्या खबरींमध्ये एकच ओळ होती: उंच पोरगी खांबाजवळ बसव, तिचा हात लांब पोचतो. मला वाटलं, ही कंचनची भर. हसले, पण हलीमाला खांबाजवळ बसवून बघितलं. त्या वर्षी आम्ही नैरोबीच्या पोरींना हरवलं. आज मी कंचनला विचारलं, तुला गं हे कसं सुचलं?

"मला काय कळतं त्यातलं? काकूंनी सांगितलं, मी लिहिलं."

माय! मी तिथंच जमिनीवर बसून रडले, तुझ्या तेरा दिवसांत पहिल्यांदा. एवढं बराबर कळत होतं तुला, मंग गल्लीत छाती काढून का न्हाई सांगितलंस? दादाच्या पोरींच्या सोयरिकीला भ्यालीस? माझ्या नावाला भ्यालीस? मला समजतं, पण पटत न्हाई. जिची तू एवढी हौस केलीस तिलाच लपवलंस, हे मी विसरणार न्हाई. तुला खोटं पाडलं त्याची माफीही मागणार न्हाई.

पण माझा शब्द घे. सोमवारी चार वाजता मी शिट्टी घेऊन शाळेच्या मागं उभी राहते. कमिटीनं मैदान दिलं न्हाई तर कुंडलिका नदीच्या काठाला रेषा आखीन. एक पोरगी आली तर एकीला शिकवीन. कंचननं आपली नणंद पाठवते म्हटलंय, आणि आता जिन्यातून दादाची थोरली विचारून गेली, आत्या, मी येऊ का? ती तुझ्यासारखीच उंच झाली आहे, माय. तिला मी खांबाजवळ बसवीन, आणि हे कुणी शिकवलं असं कुणी विचारलं, तर गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तुझं नाव सांगीन.

तुझी, सुईत दोरा न ओवणारी,
यमुना