छातीवरची कोंडी

निगडी प्राधिकरण,
रविवार, दुपार

तीर्थस्वरूप चतुराआत्या हिच्या चरणी कोंडीरामचा टोपी काढून नमस्कार.

पत्र लिहायला कारण एवढंच, की तू फोन उचलत नाहीस. तुझे गुडघे कसे आहेत? तेल लावतेस का? सकाळची गोळी सकाळीच घेतेस, की आठवेल तेव्हा? इकडे आम्ही सगळे मजेत आहोत. पूनमची तब्येत सुधारतेय. बाळ दूध पिऊन झोपतं आणि आमचा डोळा लागला की उठतं. (हे पत्र तुला ज्योतीराम वाचून दाखवणार, हे मी धरून चाललोय. ज्योतीराम, माझ्या आतेभावा, जसं आहे तसं वाच. मनाचं घालू नको आणि अडचणीचं गाळू नको. तुझ्या तोंडामुळेच हे सगळं झालंय.)

तर आत्या, तू सव्वा महिना माझ्याशी बोललेली नाहीस. ज्योतीरामने तुला येऊन सांगितलं, कोंडीराम नाव बदलतोय, सरकारी फॉर्म आणलाय, त्यात 'कुणाल' लिहिलंय. त्यावर तू म्हणालीस म्हणे, 'म्या ठेवल्यालं नाव नकोय व्हय त्येला? मग मीबी न्हाई त्येची आत्या.' तेव्हापासून मी एकोणीस फोन केले. विसाव्याला तुझ्या शेजारणीने उचलला आणि 'त्या घरात न्हाईत' म्हणाली, आणि मागून तुझा खोकला ऐकू आला. आईला मध्ये पडायला सांगितलं तर ती म्हणते, तुमचं आत्या-भाच्याचं तुम्ही बघा. म्हणून म्हटलं, झाली ती हकीकत पहिल्यापासून लिहावी, आणि बोलायचं की नाही ते मग तू ठरव.

बारा वर्षं मी खात्यात 'के. एम. येळवंडे' होतो. छातीवरच्या पाटीवर तेवढंच. के म्हणजे काय, हे कोणी खोदून विचारलं नाही आणि मी आपणहून सांगितलं नाही. कोणी किरण धरून चालला, कोणी कैलास, मी कोणालाच नाही म्हटलं नाही. कागदोपत्री खरं नाव ठाऊक होतं ते फक्त हजेरी मेजरना (आमच्या ड्युट्या लावतात ते), आणि त्यांना मी दर गुरुवारी मिसळ खाऊ घालून गप्प ठेवलं होतं. माझं म्हणणं काय, वर्दी सरकारची, शिट्टी सरकारची, बूटसुद्धा सरकारचे (टाच झिजली की मग आपले), पण नाव घरचं असतं. ते घरच्यांनी घरात हाक मारायला. भर चौकात ज्याची गाडी मी अडवलीय, त्याला माझं बारशाचं नाव कशाला कळायला हवं? बक्कल नंबर आहे ना छातीवर, तो लिहून घे, खुशाल तक्रार कर, माझी ना नाही. पण एवढा साधा मुद्दा मांडायला गेलं की लोक म्हणतात, मग के म्हणजे काय ते सांगा की राव.

अशात फेब्रुवारीत वरून कागद आला. पाटीवरून आडनाव काढा, फक्त नाव लिहा, एकमेकांना हाकही नावानेच मारा. कारण आडनाव वाचलं की लोक जात वाचतात, आणि मग आपला कोण, परका कोण ते सुरू होतं. कागद चांगला होता, खोटं कशाला बोलू. माझ्या जोडीला धम्मरत्न आहे (पिंपरीचा, त्याचे वडील कंपनीत होते. निघोज्याला आपल्या घरी जेवायला आला होता, तू त्याला सहावी पुरणपोळी वाढलीस आणि तो नाही म्हणू शकला नाही, आणि तिथे ऐकलेलं माझं नाव ज्याने चौकात कधी काढलं नाही, तो). त्याने कागद दोनदा वाचला. मग म्हणाला, आडनाव वाचलं की काही लोकांची माझ्याशी बोलायची तऱ्हा बदलते, निदान तेवढं तरी थांबेल. आणि लगेच स्वतःच हसायला लागला, कारण आडनाव गेलं तरी धम्मरत्न राहिलंच की, त्यात झाकलं काय! आमचा नदीम म्हणाला, माझं शेख काढलं, म्हणजे आता लोक मला काय जोशी समजणार का? सगळे पोट धरून हसले. मी हसलो नाही. मला माझी पाटी दिसत होती.

आत्या, तू तळेगाव दाभाड्याहून माहेरी येतेस, चाकणच्या रस्त्यावर सकाळ-संध्याकाळ काय होतं ते मी तुला सांगायला नको. मागच्या दिवाळीत तू दोन तास रिक्षात बसून करंज्या संपवल्यास. त्या प्रकाराला मराठीत वाहतूक कोंडी म्हणतात, पेपरात रोज मथळ्यात येतं. आणि ती कोंडी सोडवायला भर चौकात उभा केलेला माणूस कोण, तर कोंडीराम! तरी मी सोसलं असतं. पण वायरलेस सेटचा पट्टा माझ्या छातीवरून तिरका जातो, तो बरोबर 'राम'वर यायचा. म्हणजे छातीवर उरली नुसती कोंडी. तिसऱ्याच दिवशी कंपनीच्या बसमधून कोणीतरी फोटो काढला. मागे नजर पोचेल तिथपर्यंत ट्रक, पुढे मी हात वर करून, आणि छातीवर ती पाटी. खाली लिहिलं होतं, 'अखेर प्रशासनाने कोंडी मान्य केली.' तो फोटो मला सत्तावीस जणांनी पाठवला. त्यात ज्योतीराम पहिला. (गाळू नको, वाच.)

त्यापुढचं सांगताना अजून कसंतरी होतं. लोकांनी फेसबुकवर मला शोधून काढलं, लग्नातला फोटो काढला (मुंडावळ्या बांधलेला, घाम आलेला), आणि 'कोंडीचं लग्न लागलं, आता पिल्लं होतील' असलं काहीतरी लिहिलं. ते पूनमच्या माहेरी पोचलं. मी निगडीत साध्या कपड्यांत, हातात मुळ्याची जुडी घेऊन उभा, तर भाजीवाली म्हणते, 'आज कोंडी इकडं कशी काय?' एरवी वर्दी उतरवली की मी कोणीच नसायचो. बस थांब्यावर कोणीच नाही, सलूनमध्ये कोणीच नाही. ते कोणीच नसणं फार सुखाचं होतं गं, हातचं गेल्यावर कळलं.

पण कळस झाला तो वायरलेसवर. दुपारी कंट्रोलवरून साहेबांनी विचारलं, चाकणच्या तळेगाव चौकात कोंडी आहे का? सेट धम्मरत्नच्या हातात, मी पलीकडे टपरीवर. नावाने हाक मारायचा हुकूम, त्यात हा मला लाडाने कोंडीच म्हणायला लागलेला. म्हणाला, आहे साहेब. कधीपासून? सकाळी सातपासून साहेब. साहेबांचा आवाज चढला. कुठपर्यंत आहे? हा म्हणाला, रात्री नऊपर्यंत साहेब, डबल ड्युटी आहे. साहेबांना ते डबल एवढंच ऐकू आलं असावं. ते ओरडले, आधी ती कोंडी फोडा, ताबडतोब फोडा! आणि आमचा धम्मरत्न, अत्यंत सज्जन माणूस, हात जोडून त्या सेटला म्हणाला, साहेब, फोडू म्हणता, पण त्याने केलंय तरी काय? दहा मिनिटांत एक क्रेन आणि सहा माणसं आली. आणि आत्या, तो वर्षातला एकमेव दिवस होता जेव्हा चौकात एक गाडी अडलेली नव्हती. क्रेनवाला मला विचारतो, साहेब, उचलायचं कुणाला?

त्याच संध्याकाळी मी फॉर्मची प्रिंट काढली. जुने नाव लिहिलं. नवीन नाव 'कुणाल' लिहिलं. (ऐकायला बरं आहे की नाही? कोणी फोडा म्हणणार नाही.) पुढे रकाना होता, नाव बदलण्याचे कारण. तिथे अडलो. 'वाहतूक' लिहिलं, खोडलं. 'वैयक्तिक' लिहिलं, तेही खोडलं. तेवढ्यात ज्योतीराम आला, फॉर्मकडे बघितलं आणि चहा न घेता निघाला. चहा सोडून जाणारा माणूस कुठे चाललाय, हे पोलिसाच्या लक्षात यायला हवं होतं.

फॉर्म तसाच राहिला, आणि आठव्या दिवशी पूनमला आठव्या महिन्यातच दवाखान्यात न्यावं लागलं. मुलगी झाली, दीड किलोची. अकरा दिवस काचेच्या पेटीत. (त्या अकरा दिवसांत तू रोज येऊन गेलीस, मी ड्युटीवर असताना बरोबर वेळ साधून. मला कोणी सांगितलं नाही. पण पूनमच्या उशाशी डिंकाचे लाडू होते, आणि दात हलवणारे असे कडक लाडू तालुक्यात एकच बाई करते.) पेटीवर चिठ्ठी होती, 'बेबी ऑफ पूनम'. नर्सबाई म्हणाल्या, नाव ठरलं असेल तर सांगा, लिहिते. पूनमने वहीभर नावं जमवलेली, एकाहून एक गोड. आणि मी वर्दीतला माणूस त्या बाईंना म्हणालो, नको, नाव लिहू नका. का, ते मला सांगता येईना. त्या काचेला नाक लावून मी मनात तिला काय म्हणत होतो, सांगू? ठिकरी. म्हणत होतो, ही ठिकरी आहे, किरकोळ आहे, कोणाच्या कामाची नाही, इकडे बघू नका, पुढे जा. कोणाला म्हणत होतो, ते मलाही ठाऊक नाही.

तिथल्याच बाकावर आईने मला माझं बारसं सांगितलं. माझ्याआधी दोघं गेली, हे मला माहीत होतं, पण नुसतं माहीत होतं. त्यांची नावं राजेश आणि सुहास होती, हे पहिल्यांदा ऐकलं. दोघंही बारशानंतर महिन्याच्या आत गेली. माझ्या वेळी सगळ्यांनी प्रकाश ठरवलं होतं. तू आलीस, सुपात कोंडा घेतलास, मला त्याच्यावर ठेवलंस, आणि अंगणात उभी राहून ओरडलीस, 'कोंडा हाय ह्यो, निस्ता कोंडा, कुनी नेऊ नका!' सगळी आळी हसली म्हणे. मग तू आत येऊन चुलीपाशी बसलीस आणि कितीतरी वेळ रडलीस. आत्या, मला लाज वाटली. फार वाटली. त्या नावाच्या आडोशाला तू मला जगवलंस आणि मी बारा वर्षं ते एका अक्षरात दाबून ठेवलं. माझं चुकलं.

आता मी सेटचा पट्टा दुसऱ्या खांद्यावर घेतो. पाटी अख्खी दिसते. लोक हसतात, हसू देत, हसणारा माणूस निदान तेवढा वेळ हॉर्न वाजवत नाही. ट्रकवाले 'कोंडीभाऊ' म्हणून हात करतात आणि सांगितलेल्या लेनमध्ये जातात, के. एम. साहेबांचं ते कधी ऐकत नव्हते. कंट्रोलवरून आता विचारतात, कोंडी वाहनांची की आपली? फेसबुक मी बंद केलं. फॉर्म फाडून टाकला. आपलं बरं चाललंय.

पूनमचा नमस्कार. आईचा निरोप असा की तिने निरोप दिलेला नाही. बाळ आत्ताच जांभई देऊन झोपलंय, म्हणून थांबतो.

तुझा भाचा,
कोंडीराम (अख्खा)

ता. क. पुढच्या रविवारी बारसं आहे. मला बहीण नाही, म्हणजे माझ्या लेकीला आत्या नाही. घरात आत्या म्हणून जे काही आहे ते तूच. तू आली नाहीस तर नाव ठेवायचं कोणी, ज्योतीरामने? (ज्योतीराम, तू सकाळी नऊला गाडी काढ. ती तीनदा नाही म्हणेल. चौथ्यांदा विचारू नको, नुसतं दार उघडून उभा राहा.)

ता. क. दोन. फॉर्म फाडला असं वर लिहिलंय, ते खरं नाही. फाडायला काढला तर पूनमने त्याच्या मागे बारशाची यादी केलेली निघाली. घुगऱ्यांचे हरभरे, नारळ, पाळण्याची दोरी, पावशेर खोबरं. यादी हवी आहे म्हणून ठेवलाय. रविवारी संध्याकाळी तुझ्यासमोर फाडतो.

ता. क. तीन. नावाचं पूनम तुझ्याशी बोलेल. ठिकरी अजिबात चालणार नाही, असं ती आत्ता माझ्या खांद्यावरून वाचून म्हणाली. बरोबर आहे तिचं. दाखल्यावर, शाळेत, पुढे कधी छातीवर पाटी लागली तर तिथेसुद्धा, तिच्या वहीतलं गोड नावच राहू दे. पण पाळण्यावर वाकशील तेव्हा पोरीच्या कानात आधी तुझं एक नाव सांग, सुचेल ते, कितीही ओबडधोबड. आम्हालाही ऐकू येऊ नये एवढं हळू. डॉक्टर म्हणतात, आता काही काळजी नाही. तरी सांग.