पांढऱ्यात उतरलेला केशरी

मी, रश्मी श्रावण गभणे, वय चव्वेचाळीस, राहणार मोहाडी, जिल्हा भंडारा, हे मृत्युपत्र कोणाच्या दबावाशिवाय लिहीत आहे. मूत्रपिंडांनी साथ सोडली आहे. डोकं ठिकाणावर आहे.

१. राहतं घर आणि शिलाई मशीन मुलगी उर्वशी हिला. मशीनचा पट्टा सुटतो, तो तिला बसवता येतो.

२. तळ्याखालची धानाची बांधी दीर प्रितम यांना. भाऊ गेल्यावर त्यांनी चौकात झेंड्याच्या रंगांवर भाषण केलं. आईच्या गुडघ्यांची चौकशी मात्र कधी केली नाही. तरी जमीन त्यांनाच, कारण कसणारे तेच.

३. झेंडा. माझे पती श्रावण सैन्यात होते. ते पेटीतून आले तेव्हा वर पांघरलेल्या झेंड्याचा केशरी पट्टा डोक्याकडे होता. अग्नी देण्याआधी झेंडा काढून, घडी करून माझ्या हातात दिला. उर्वशी लहान असताना श्रावणच तिला सांगत: केशरी म्हणजे त्याग, पांढरा म्हणजे सत्य, हिरवा म्हणजे आपली माती. आधी मधोमध चरखा होता. तो मागून उलटा दिसे, म्हणून दोन्हीकडून सारखं दिसणारं चक्र आलं.

दहाव्याला आमच्याकडे सुतकाची कापडं तळ्यावर धुतात. सासूबाई उषाबाईंनी त्यांत झेंडाही धुतला. केशरी पांढऱ्यात उतरला.

"त्याच्या अंगावरचं कापड धुतलं नाही तं माहा पोरगा मोकळा कसा होईन?" त्या म्हणाल्या. आता झेंडा त्यांच्या उशाशी असतो, झोपेतही मुठीत धरलेला.

प्रितम म्हणतात, "वहिनी, कायदाच हाय. खराब झेंडा इज्जतीनं जाळाच लागते." ते खरं आहे. सासूबाई म्हणतात, "मले जाळान तवा माह्यासंगं जाऊ द्या त्याले." ते चालत नाही, चितेत झेंडा जात नाही.

त्या असेपर्यंत झेंडा त्यांच्याकडे राहावा, ही बांधीची अट घाला म्हटलं, तर वकील म्हणाले, "ताई, खराब झेंडा ठेवणं कायद्यात बसत नाही. असली अट टिकत नाही." म्हणून ही नुसती विनंती आहे. प्रितमभाऊ, त्या असेपर्यंत हात लावू नका. त्यांच्यामागे उर्वशीने घरामागे, कोणी नसताना, तो अख्खा जाळावा.

४. पण त्या गेल्यावर, तिरडीवर ठेवण्याआधी, कोणाला तरी तो त्यांच्या हातातून सोडवून घ्यावा लागेल. कोणी, हे पुन्हा पुन्हा लिहून खोडलं. उर्वशीचं नाव लिहवत नाही. जागा कोरी ठेवते:

____________

सही: रश्मी श्रावण गभणे

साक्षीदार: वासुदेवराव बांते, निवृत्त पोस्टमन
चंद्रभागाबाई सेलोकर, शेजारीण (वाचून दाखवलं, मध्ये उठून बाहेर गेल्या, परत येऊन अंगठा दिला)

मोहाडी, ९ ऑगस्ट २०२५