पहिल्या खुर्चीचा सूर

हारो, इलोइलो
१४ ऑक्टोबर १९९१

चि. एलिसेओ, माझ्या तोतो,
अ. उ. आ. दावाओला जाऊन हात मोडले की काय तुझे? दोन महिन्यांत एक ओळ नाही. थोरली बहीण, तुझी मानांग, जिवंत आहे की गेली, एवढं तरी विचारायचंस.

आमच्या गायनवृंदाचा हंगाम सुरू झाला. फेब्रुवारीतल्या कांदेलारियाच्या उत्सवापर्यंत पाच कार्यक्रम, सगळी जुनी बहुआवाजी मॅड्रिगलं आणि साथीशिवायची गाणी. नेहमीसारखे अर्धवर्तुळात बसतो, समोर हात हलवणारा कुणी नाही. पहिल्या खुर्चीवरून मी सूर गुणगुणते, श्वास घेते, की एकवीस जण माझ्यासोबत निघतात. एकतीस वर्षं झाली, ना पियानो लागला ना नादकाटा. शाळेतली नोकरी संपल्यावर या खुर्चीसाठीच सकाळी उठते मी, तुझ्यापासून काय लपवायचं.

पण खर्जवाल्यांचं काहीतरी बिघडलंय. तुझा मित्र बिएन्वेनिदो खालच्या स्वराला नुसता वारा सोडतो. मी म्हटलं, बत्चोय सूपचे दोन-दोन वाडगे चापून तालमीला आल्यावर सूर कुठून निघणार? एरवी भांडला असता, परवा मात्र सगळे मान खाली घालून बसले. मेले तासभर आधी येतात, तरी ही गत. येऊन हादडतच असणार.

खोकल्यावर आलं घे. माया आहेच, ती कागदावरही दिसू दे.
तुझी मानांग फेली

दावाओ
२९ ऑक्टोबर १९९१

ती. मानांगच्या पायांशी,
सा. न. वि. वि. हात शाबूत आहेत, आळस तेवढा जुना आहे. तुझं पत्र वाचून आधी हसलो, मग दोन दिवस कशात लक्ष लागेना. आता लिहितोच.

बिएन्वेनिदोला बोलू नकोस. ईस्टरला आलो होतो तेव्हा तालमीत मागे बसून मी माझा नादकाटा कानाशी धरला होता. तुझा सूर अर्धा स्वर उतरलेला होता. एका गाण्यात नाही, सगळ्यांत. तुला सांगायची छाती झाली नाही. चार दिवस तुझ्या हातचं गोडधोड खाल्लं आणि शेपूट घालून परत आलो.

इथल्या कानाच्या डॉक्टरीणबाईंना विचारलं. उतारवयात काहींच्या कानांना सगळंच थोडं चढं ऐकू येतं, म्हणाल्या, त्यामुळे मनातला सूर खाली सरकतो. तुझी चूक नाही, पण खर्जवाल्यांचीही नाही; तू उतरलीस की त्यांचा खालचा स्वर आवाक्याबाहेर जातो. ती खुर्ची तुझ्यासाठी काय आहे ते मला ठाऊक आहे गं. शिव्या दे, पण उत्तर दे.

राग ओसरल्यावर जो लोभ उरेल तो माझा,
तोतो

हारो
२ डिसेंबर १९९१

चि. तोतो,
अ. आ. तुझं पत्र फाडलं होतं. मग तुकडे जुळवून पुन्हा वाचलं.

चर्चचा ऑर्गन वर्षभर मला चढा वाटतोय, आणि मी तो लावणाऱ्या माणसाच्या नावानं बोटं मोडत होते. या वेळी ऑर्गनवर बोट ठेवून माझा सूर पडताळला. तुझंच खरं निघालं.

बिएन्वेनिदोला गाठलं. आधी आढेवेढे, मग बोलला. दोन वर्षांपासून सगळ्यांना ठाऊक होतं म्हणे. त्यांनी आपसात ठरवलं, मानांग उतरली तर आपणही उतरायचं. म्हणून खर्जवाले तासभर आधी येऊन खालचे स्वर घोटत होते रे, आणि मी त्यांचे वाडगे मोजत होते! तिथेच पायरीवर बसून रडले. एवढं करावं असं मी काय केलंय त्यांच्यासाठी?

पण गाण्याला खाली ओढायचा हक्क मला नाही. शनिवारी पहिली खुर्ची आमच्यातल्या पक्क्या कानाच्या पेर्पेतुआला दिली. घ्यायला तयारच होईना. शेवटी मीच दंडाला धरून बसवलं आणि शेजारी बसले. खोटं का बोलू, सूर जुळवून घेते, पण पाठ असलेलं गाणंही परक्या घरात बसून गातेय असं वाटतं.

नाताळात येतोस का? येच.
अजूनही तुझीच,
मानांग

हारो
३ फेब्रुवारी १९९२

चि. तोतो,
अनेक आशीर्वाद, आज जरा जास्तच. काल कांदेलारियाचा कार्यक्रम झाला. चर्चमध्ये मुंगी शिरायला जागा नव्हती. पेर्पेतुआनं प्रत्येक सूर चोख दिला आणि मी मुकाट्यानं तिच्या मागून गेले.

शेवटचं गाणं लांबलचक. निम्म्यावर आलो आणि माझं परकेपण हळूहळू कमी व्हायला लागलं. आधी वाटलं, झाली सवय. पण शेवटचा स्वर लागला तो थेट माझ्या मनातल्या जागेवर. अर्धा स्वर खाली! चोख सुरात निघालेली सगळी मंडळी कुणाच्याही नकळत घसरत माझ्यापाशी येऊन थांबली होती. पेर्पेतुआनं आत जाऊन नादकाटा कानाला लावला आणि कपाळावर हात मारला. बिएन्वेनिदो ओशाळून म्हणाला, दोन वर्षांची वाट आहे, पाय आपोआप वळले.

मी झापायला हवं होतं. पुढच्या तालमीत झापेनही, असं घसरून चालायचं नाही. काल मात्र एकेकाचा हात हातात घेत सगळ्यांपुढून फिरले फक्त.

तू लिहिलं नसतंस तर त्यांनी मला इतकी वर्षं कसं सांभाळलं, हे न कळताच मेले असते. लोभ तुझ्यावर होताच. आता उपकारही आहेत, ते फेडायची मला घाई नाही.
तुझी,
मानांग फेली