एलीनं विचारलं तेव्हा

लीड्स,
बुधवार, १४ मे २०२५

ती. सरजाअक्कास,
कौसाचा सप्रेम जय भीम.

आम्ही सगळे बरे आहोत. तुझे गुडघे कसे आहेत ते कळव. इथं मे महिन्यातही स्वेटर लागतंय. ज्वारीचं पीठ आणि आमटीचं येसर विमानतळावर कुणी काढून घेतलं नाही. आल्या दिवशीच आनंदराजनं दोन भाकरी खाल्ल्या.

तुझ्या घरी फोन केला की स्पीकर लावतात आणि सगळी बसून ऐकतात, म्हणून पत्र लिहितेय. सावकाश वाच, पण एकटीनं वाच. तुझ्या सुनेच्या हातात देऊ नको.

नात भेटली. एली नाव. साडेचार वर्षांची, गोरी, तांबूस कुरळे केस. दहा महिन्यांपूर्वी आनंदराज-बुद्धप्रियानं तिला घरी आणलं. पहिले दोन दिवस ती बुद्धप्रियाच्या मागं लपून माझ्याकडं बघायची, आणि मी चहाच्या कपाआडून तिच्याकडं. खरं सांगू का, मला धास्तीच होती. कुणाची, कुठली, काय ठाऊक. उद्या तिची आई दारात येऊन उभी राहिली तर? मी सुनेला तसं विचारलंही. ती म्हणाली, "आई, कोर्टाचा हुकूम झालाय. आणि पुढं कधी भेटायला आली, तर एलीला बरंच वाटेल."

एलीच्या पलंगाजवळ एका पोरसवदा बाईचा फोटो आहे, चांगला फ्रेम केलेला. "ही एलीची पोटातली आई," आनंदराज म्हणाला, शेजारीण दाखवावी तसं. इथं म्हणे असाच दस्तूर आहे, लेकरापासून काही लपवायचं नाही. मी त्याच्या तोंडाकडं बघत राहिले. हे तो मला का ऐकवतोय, असं मनात आलं.

काल दुपारी जेवताना एलीनं चमचा खाली ठेवला आणि मला विचारलं, डॅडी तुझ्या पोटात होता का? तेवढं इंग्रजी मला कळतं. मी हो म्हणाले. आनंदराजनं मान वर केली नाही. बुद्धप्रिया उठली आणि घासलेलीच भांडी परत घासायला लागली.

त्यांना ठाऊक आहे, अक्का.

चाळीस वर्षं ही गोष्ट आपल्या चौघांत होती. भाऊजी गेले, आमचे हे गेले. मी कुणाला सांगितलं नाही. राहिलीस तू. गेल्या वर्षी फेब्रुवारीत भाऊजींच्या पुण्यानुमोदनाला आनंदराज आला, तेव्हा तू त्याला घेऊन शेतातल्या आखाड्यावर गेलीस. तासभर तुम्ही दोघंच. मी विचारलं तर म्हणालीस, "हरभरा दाखवून आणला." दोन महिन्यांत त्याचा फोन आला, आम्ही मूल दत्तक घेतोय. हरभरा बघून कुणी असं ठरवतं का?

सहा दिवसांचा होता, माझ्या पदरात घातलास तेव्हा. "आजपासून तुझा. मी मावशी," असं तूच म्हणालीस. तो शब्द तू मोडलास. मोडायचाच होता तर निदान मला सांगायचं होतंस.

कौसा


रविवार, १८ मे

अक्का,

वरचं पत्र टाकायचं राहून गेलं. फाडणार होते, पण यासोबतच पाठवतेय. मी तुला काय समजले होते, ते तुला कळायला पाहिजे.

काल आम्ही एलीला घेऊन बागेत गेलो. ती झोक्यावर, बुद्धप्रिया तिच्यामागं. मी आनंदराजला सरळच विचारलं, "सरजामावशीनं तुला काय सांगितलं?"

त्याला आधी कळलंच नाही. मग तो बाकावर बसला. म्हणाला, "मावशीनं? मावशी तर नाहीच म्हणाली."

बारावीला त्याला जातवैधतेचे कागद काढायचे होते. यांचं ऑपरेशन, मी दवाखान्यात. जन्माचा दाखला आणायला तो एकटाच देगलूरला गेला. त्या तारखेला माझ्या नावाची नोंदच नव्हती. आईच्या रकान्यात तुझं नाव होतं. तो तसाच चालत तुझ्या घरी आला. तू तूर निवडत होतीस. त्यानं विचारलं, "तू माझी आई हाय का?"

तू मान वर न करता म्हणालीस, "लिवणाराचं चुकलं असंल. तुझी आई नांदेडला हाय. जेवून घे, साडेचारची गाडी हाय." स्टँडवर सोडायला आलीस, आणि गाडी हलेपर्यंत गाडीकडं पाठ करून उभी राहिलीस.

अठरा वर्षांचं लेकरू ते. मला का विचारलं नाहीस, म्हटलं. म्हणाला, "तू घाबरली असतीस, आई."

आखाड्यावरही त्यानं पुन्हा तेच विचारलं होतं. तू त्याला हरभराच दाखवलास. आणि मूल दत्तक घ्यायचा अर्ज तर त्यांनी त्याच्याही आधी भरलेला होता.

आता माझं ऐक. उन्हाळ्याच्या सुट्टीत तू त्याला बोलवायचीस आणि मी क्लास आहेत म्हणायचे. क्लास नव्हते. तुझ्या थोरल्याच्या लग्नात तो तुझ्याजवळ बसला, तर मी काम सांगून त्याला उठवलं. तुला दिसत होतं सगळं. तू गप्प राहायचीस आणि मला वाटायचं, ही मनात काहीतरी धरून आहे.

बागेत मी त्याला सगळं सांगितलं. दूध आटावं म्हणून तू फडक्यानं छाती आवळून बांधली होतीस, तेसुद्धा. त्यानं एकच विचारलं, "ती रडली का?"

मी म्हणाले, मला माहीत नाही. मी मागं वळून बघितलंच नाही. गाडी चुकेल म्हणून घाई केली. मग म्हणाले, गाडीला वेळ होता रे. ती तुला परत मागेल अशी भीती वाटली मला.

नंतर माझी पिशवी त्यानं स्वतःच्या खांद्याला लावली आणि आम्ही घरी आलो.

आज सकाळी मी एलीला माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, डॅडी माझ्या पोटात नव्हता, माझ्या बहिणीच्या पोटात होता. "माझ्यासारखं," ती म्हणाली आणि दूध प्यायला लागली. नंतर पहिल्यांदाच माझ्या मांडीवर येऊन बसली.

डिसेंबरात ते तिघं येणार आहेत. आधी देगलूरला, तुझ्याकडं. नांदेडला नंतर. हे मी ठरवलंय. हवे तितके दिवस ठेवून घे, मी बोलवणार नाही.

तो पुन्हा विचारील. आता नाही म्हणू नको. तुझ्या शब्दातून मी तुला मोकळं केलंय. हे मी फार आधी करायला पाहिजे होतं.

तुझ्या लेकाला वाढवणारी,
तुझी धाकटी
कौसा