आपल्या घरचा धूर

सासूबाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता तुमचा चेहरा आठवायचा तर मला आधी चूल आठवावी लागते. चूल आठवली की तिच्यापुढे तुम्ही बसलेल्या दिसता, एक गुडघा वर, हातात फुंकणी, नाकावर पदर. डोळे तेवढे दिसत नाहीत, कारण त्या दिवसांत ते एकतर मिटलेले असायचे नाहीतर पाण्याने भरलेले. लग्न होऊन आले तेव्हा पहिले काही महिने मला वाटायचं, ही बाई सारखी रडते आहे. कशासाठी, ते विचारायचं धाडस नव्हतं. मग एक दिवस मलाच भाकऱ्या करायला बसवलंत, खाडीकाठच्या तिवराची ओली लाकडं चुलीत होती, आणि थोड्या वेळाने माझेही डोळे तसेच झाले. तेव्हा कळलं की रडायला या घरात वेगळं कारण लागत नाही.

तुमचा मुलगा गेला आणि पुढच्या पावसाळ्यात तुमचा खोकला छातीत उतरला. पनवेलच्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, औषध देतो, पण म्हातारीला चुलीपासून लांब ठेवा. लांब म्हणजे कुठे? आपलं घर केवढं, स्वयंपाकघर आणि माजघर यांच्यामध्ये भिंतसुद्धा अर्धी. धूर कौलांतून जायचा तेव्हा जायचा, तोपर्यंत घरातच फिरायचा. जासईहून वन्सं आल्या. त्यांच्याकडे गॅस होता. तुम्हाला म्हणाल्या, आये, माझ्याकडे चल, तिथे धुराचं नाव नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं, आई होती त्यांची. तुम्ही म्हणालात, बघू, भात झोडून झाला की बघू. मी भांडी घासत होते ती घासतच राहिले. तुम्ही गेलात तर त्या घरात मी आणि माझी पहिलीतली पोर, एवढंच उरणार होतं. माहेरी आईवडील नव्हते. दिवसा शेत होतं, कामं होती. पण दिवेलागणीला घरात दुसरं मोठं माणूस खोकतंय, हे ऐकूनच मी उभी होते. हे कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

निर्धूर चुलीचं मी गावातल्या बायकांकडून ऐकलं होतं. त्या काळात सरकारी लोक गावोगाव सांगत फिरायचे, बायका ऐकायच्या आणि हसून घरी यायच्या. मी शिरढोणला माझ्या मावसबहिणीकडे बसवलेली चूल बघायला गेले. तिच्या स्वयंपाकघरात शिरले आणि उंबऱ्यातच थांबले. चूल पेटलेली होती, वर भात रटरटत होता, आणि समोरची भिंत दिसत होती. भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं, त्याच्यावरच्या देवाचं नाक दिसत होतं. मी विचारलं, धूर कुठाय? तिने मला अंगणात नेऊन कौलांवरचा पाइप दाखवला. मी परत आत आले, परत बाहेर गेले. ती म्हणाली, अगो, अशी काय करतेस, जत्रेत आल्यासारखी.

पाइप पनवेलच्या बाजारातून मीच आणला. खांद्यावर घेऊन एसटी स्टँडपर्यंत चालत आले, तर भाजीवाल्या बायका विचारायला लागल्या, काय गो, तोफ नेतेस काय, लढाई कुठं हाय? कंडक्टर म्हणाला, याचं तिकीट काढावं लागेल, हा माणसापेक्षा लांब आहे. मी हसले नाही. पाइप तडकेल या भीतीने मांडीवर आडवा धरून बसले होते, आजारी माणसाला धरून न्यावं तसा.

चूल बसवायला बाई आली ती बोलकी होती. तिने तुम्हाला सांगितलं, आजी, जुनी फोडून जागा करा. तुम्ही तिला हातात कुदळ घेऊ दिली नाहीत. जुन्या चुलीवर तांब्याने पाणी शिंपडलंत, ती भिजू दिलीत, आणि हाताने ढेकूळ ढेकूळ सोडवून पाटीत ठेवलीत. चुलीला लोखंड लावायचं नसतं हे मला त्या दिवशी कळलं. मग पाटी त्या बाईपुढे सरकवलीत आणि म्हणालात, "ही माती नव्या चुलीत घाल. नुसत्या सिमेटीला माजी वलख नाय." ती बाई हसली, पण तिने माती चाळून गाऱ्यात घातली. पुढे मोठं तोंड, मागे दुसरं भांडं ठेवायला वैलासारखं भोक, तिथून आतल्या आत वाट, आणि वाटेच्या शेवटी भिंतीतून वर गेलेला पाइप. वाट किती रुंद ठेवायची ते तिने आपला हात आत घालून दाखवलं. कोपरापर्यंत हात सहज गेला पाहिजे, म्हणाली. आणि फुंकणी बाजूला ठेवा आता, ही चूल फुंकायची नाही. तुम्ही विचारलंत, फुकाची नाय, मंग ती जगते कशी?

चूल वाळली. पेटवायच्या दिवशी शेजारीण आली. तिने चांगल्या मनानेच सुचवलं की नव्या चुलीला पहिली काडी सवाष्णीने लावावी, मी माझ्या सुनेला बोलावते. मी खाली बघितलं. घरात दोन बायका, दोघींच्या कपाळाला कुंकू नाही. तुम्ही काडेपेटी माझ्या हातात दिलीत, माझ्या मनगटाला खालून आधार दिलात आणि शेजारणीकडे न बघता म्हणालात, "चूल आमच्या दोघींची हाय. आमीच लावू."

त्यानंतर जे झालं ते मी आजही कोणाला नीट सांगू शकत नाही. जाळ पेटला, जरा वर आला, आणि मग कोणी हाक मारल्यासारखा आडवा झाला. आत वळला. वाकून, झोपून, त्या काळ्या वाटेत शिरला, आणि मागच्या भोकात त्याचं टोक दिसलं. चुलीतून आवाज येत होता, वाऱ्याचा, खोल श्वास घेतल्यासारखा. आपण कोणी फुंकत नव्हतो. ती स्वतःच ओढत होती. तुम्ही माझं मनगट सोडलंच नव्हतं. पुढे लेकीच्या विज्ञानाच्या पुस्तकात मी वाचलं की गरम हवा हलकी होऊन वर जाते आणि तिच्या जागी दुसरी येते. कारण कळलं. पण कारण कळल्याने माझं आश्चर्य तसूभर कमी झालं नाही, उलट वाढलं, की एवढी साधी गोष्ट हवेला पहिल्यापासून माहीत होती आणि आपण बायका पिढ्यान्‌पिढ्या डोळे चोळत बसलो होतो.

तुम्ही उठून अंगणात गेलात. बराच वेळ आला नाहीत म्हणून मी मागोमाग आले. तुम्ही मान वर करून उभ्या आहात. पाइपच्या टोपीखालून धूर निघतोय, बारीक, निळसर, आणि सरळ वर चाललाय. आपल्या घराचा धूर आजवर कौलांच्या फटीफटीतून पसरायचा, त्याला कधी रूप नव्हतं. तुम्ही हात जोडलेत. "बघ गो, आपल्या घरचा धूर. कसा उभा ऱ्हायलाय." आणि माझ्याकडे वळलात तेव्हा मी तुमचे डोळे पहिल्यांदा नीट बघितले. घारे होते. तुमच्या मुलाचे तसेच होते. ते कोणाकडून आले होते हे मला त्याच्या मरणानंतर कळलं.

त्या हिवाळ्यात मी वाचायला शिकले. शिकवलं कोणी नाही. पोर चुलीपाशी बसून धडा मोठ्याने म्हणायची, मी भाकरी थापता थापता तिच्या बोटामागे डोळे फिरवायचे. जुन्या स्वयंपाकघरात ते शक्यच नव्हतं, पान दिसलंच नसतं. पुढे मी अडखळत वाचायला लागले आणि तुम्ही ऐकायला. राजा शिकारीला गेला असं मी वाचलं की तुम्ही विचारायचात, मंग घरी त्याची रानी जेवली का नाय, ते लिवलंय काय? लिहिलेलं नसायचं. तुम्ही म्हणायचात, लिवनारा बाप्या असंल. खोकला होता, पण तो आता वाक्याच्या मध्ये यायचा नाही.

मग उन्हाळ्यात धूर परत आला. आधी थोडा, चुलीच्या तोंडाशी रेंगाळल्यासारखा, मग जुन्यासारखा. मी कौलांवर चढून पाइपमधली काजळी काठीने पाडली. काही फरक पडला नाही. लाकडं बदलून बघितली. तुमचा खोकला पुन्हा छातीत उतरला, आणि शेजारीण म्हणाली, मी सांगितलं होतं, काडी सवाष्णीने लावा. तुम्ही फुंकणी शोधून आणलीत. ती तुमच्या हातात बघून मला जे वाटलं ते पाइप फुटला असता तरी वाटलं नसतं.

वन्सं आल्या त्या रिक्षा थांबवूनच आल्या. घरात पाऊल टाकताच त्यांनी पदर नाकाला लावला. वैनी, तू केलंस ते चांगल्यासाठी केलंस, म्हणाल्या, पण ही चूल नाय गो, नाटक हाय. आणि तुमची लुगडी बोचक्यात भरायला लागल्या. मी हंडा उचलला आणि पाण्याला जाते म्हणून मागच्या दाराने निघाले. मला ते बोचकं बांधताना बघायचं नव्हतं. परत आले तेव्हा रिक्षा गेलेली होती आणि तुम्ही चुलीपुढे बसून लसूण सोलत होतात. मी विचारलं, वन्सं गेल्या? तुम्ही म्हणालात, जासईचं पानी मना बाधतं, तिथं काय जायाचं. मी म्हटलं, बरं. आणि तांदूळ निवडायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नेहमीसारखी चूल सारवत होतात. राख काढून झाली होती. शेणमातीत पोतेरं बुडवून बाहेरून फिरवलंत, मग हात आत घातलात आणि बोटांनी आतली बाजू, तोंडाची कड, मागे जाणारी वाट, पोचेल तिथपर्यंत सारवलीत. पारोशी चूल तुम्ही कधी पेटवली नाहीत, एक दिवस नाही. मी बघत होते, आणि एकदम मला समजलं. तुम्ही हात काढल्यावर मी माझा घातला. कोपर राहिलं दूर, माझं मनगटच अडकलं.

आपण दोघींनी मिळून वाटेत साचलेलं ते सारवण खरवडून काढलं. पापुद्र्यांमागून पापुद्रे निघाले, एकावर एक, आणि प्रत्येकावर तुमची बोटं उमटलेली. चार चार रेघा, एकाच बाजूला वळलेल्या. थर काढला की खाली तोच हात, त्याच्याखाली तोच हात. आजारी होतात ते दिवससुद्धा त्यात होते. मी देवळं पाहिली आहेत, दगडावरची नक्षी पाहिली आहे, पण हातातला तो पापुद्रा मी जशी बघत राहिले तशी कुठे राहिले नाही. तुम्हीही बघत बसलात. म्हणालात, एवढा माजा हात फिरला?

मी म्हटलं, आतून सारवायचं नाही आता. तुम्ही म्हणालात, पारोशी ठेवू व्हय तिला? त्याचं उत्तर तुम्हीच शोधलंत. बाहेरून रोजचं सारवण, आणि आत फक्त ओला हात फिरवायचा, मातीविना. मला म्हणालात, म्हाताऱ्या मानसाला रोज न्हाऊ घालीत नाय, पाय धुतो, तसं. त्या दुपारी जाळ पुन्हा वाकला आणि आत गेला.

त्यानंतर तुम्ही किती वर्षं राहिलात ते मी मोजलेलं नाही. पोर दहावी झालेली तुम्ही बघितलीत. माझ्या वाचनातल्या राण्या जेवल्या की नाही हे शेवटपर्यंत विचारलंत. खोकला तुम्हाला सोडून गेला नाही, पण त्याने तुम्हाला नेलंही नाही, तुम्ही झोपेत गेलात. वन्सं त्या दिवशी माझ्या गळ्यात पडून रडल्या आणि काहीतरी सांगता सांगता थांबल्या. काय सांगायचं होतं ते मला ठाऊक होतं. आता ते घर नाही, आजूबाजूला इमारती आहेत, मी गॅसवर चहा करते आणि त्यात मला काही वाईट वाटत नाही.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही, एवढं मला कळतं. तरी एक गोष्ट राहिली आहे. वन्सं रिक्षा घेऊन आल्या त्या दिवशी मी पाण्याला निघाले, पण हंड्याखालची चुंबळ विसरली म्हणून वाटेतून परत आले होते. मागच्या दाराबाहेर उभी होते. तुम्ही लेकीला म्हणालात, "माजा खोकला तिथं पन येल, हितं पन ऱ्हाईल. पर ही पोर एकली पडंल. मी नाय येत." वन्सं म्हणाल्या, मंग तिला सांग ना तसं. तुम्ही म्हणालात, "नको. तिला वझं वाटंल."

मी चुंबळ न घेताच मागे फिरले. ऐकलं होतं मी, सासूबाई. वझं नाही वाटलं.